खडकातला हाकारा

शलाका मेतरच्या उजव्या हाताची दोन बोटं बधिर होती. पाच वर्षांपूर्वी कामावरच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीतल्या एका दगडावरून बटणांसारखे गोल, तपकिरी जीव खरवडत असताना त्यातल्या एकाची चिळकांडी तिच्या बोटावरच्या कापलेल्या जखमेत गेली होती. दिसायला फुलासारखा जीव, पण त्याचं विष असं की दुपारपर्यंत तिला श्वास घेता येईना. आठवडाभर ती इस्पितळात पडून होती. धाकटा भाऊ सुनंद पुण्याहून मिळेल त्या गाडीने आला, उशाशी बसून राहिला, आणि तिने डोळे उघडल्यावर म्हणाला, "ताई, यापुढे त्या टाकीत तू हात घालायचा नाहीस. मी काहीतरी करतो."

त्या 'काहीतरी'साठी त्याने चांगली नोकरी सोडली, दोन मित्रांना हाताशी धरून कंपनी काढली, आणि एका जानेवारीत एक लांबट पेटी घेऊन तो वेंगुर्ल्याजवळच्या सागरबीज केंद्रात हजर झाला. पेटीतल्या यंत्राचं नाव होतं 'वेचक'.

केंद्रातली टाकी शाळेच्या दोन वर्गांएवढी होती. तिच्यात समुद्राचं खारं पाणी, खडक, आणि खडकांवर जिवंत प्रवाळ. बाहेरच्या समुद्रात पाण्याखाली बुडालेल्या मोठ्या खडकावरची प्रवाळं लागोपाठच्या दोन कडक उन्हाळ्यांत पांढरी पडून मेली होती. प्रवाळ हा दिसतो झुडपासारखा, पण असतो प्राणी. त्याच्या अंगात बारीक वनस्पती राहतात, त्या उन्हावर अन्न शिजवतात आणि त्याला भरवतात. पाणी फार तापलं की प्रवाळ या वनस्पतींनाच बाहेर काढतो, पांढराफटक पडतो आणि उपाशी मरतो. आपल्या किनाऱ्यावरच्या त्या बुडालेल्या खडकाचं जे काही बीज शिल्लक होतं, ते या टाकीत होतं.

वर्षातून एकदा, शिमग्याच्या पौर्णिमेनंतर चार-पाच दिवसांनी, अंधार पडला की टाकीतली सगळी प्रवाळं एकाच वेळी अंडी सोडत. 'एकाच वेळी' हेच महत्त्वाचं. प्रवाळ जागचा हलू शकत नाही. त्याची अंडी आणि शेजाऱ्याचं बीज पाण्यात एकाच घटकेला आलं नाही, तर सगळं वाया जातं. देशातल्या इतर केंद्रांनी तसेच दिवे लावले, तसंच पाणी ठेवलं, चंद्राचा तसाच निळा दिवा टांगला. पण त्यांची प्रवाळं आज एक, परवा दुसरं अशी सोडत राहिली. फक्त इथेच ती एकत्र फुलत. माणसं बघायला येत. सगळ्यांची सोय व्हावी म्हणून टाकीच्या खोलीत दिवस-रात्र उलटी केली होती. बाहेर सकाळ झाली की आत सूर्यास्त.

"शलाकाच्या हाताला गुण आहे," केंद्राच्या संचालिका डॉ. फिलोमिना लोबो प्रत्येक पाहुण्याला सांगत. शलाका लाजायची, पण तिला ते मनातून पटलेलं होतं. टाकी सुरू झाल्यापासून तिने दुसरं काही केलंच नव्हतं. लग्नाचा विषय दोनदा निघाला आणि मागे पडला. टाकीत उगवणारी काचेसारखी पारदर्शक फुलं, जी शेजारच्या प्रवाळाला डंख मारून मारून मारतात, ती तिने सुईने लिंबाचा रस टोचून एकेक करून संपवली होती. प्रवाळाच्या कातडीवर चिकटलेले तांदळाच्या कण्यांएवढे चपटे किडे तिने पिचकारीने उडवले होते. खडकाबरोबर न बोलावता आलेले असे पाहुणे संपत म्हणून नसत.

"आता हे सगळं हा करेल," सुनंदने पेटी उघडली.

वेचकाचं तत्त्व समजायला सोपं होतं. पाण्यात राहणारा प्रत्येक जीव आपल्या अंगाचे कण सतत पाण्यात सोडत असतो. कातडीचे, बुळबुळीचे, विष्ठेचे. त्या प्रत्येक कणात त्या जीवाची ओळख लिहिलेली असते. वेचक चमचाभर पाणी ओढून घेई आणि त्यातल्या ओळखी वाचून टाकीत कोण कोण आहे, किती आहे, हे चहा गाळून होईपर्यंत सांगे. मग त्याच्या केसासारख्या बारीक नळ्या खडकाच्या फटीफटींत शिरून पाणी हुंगत, ज्या फटीत ओळख दाट होई तिथे थांबत, आणि नको असलेला जीव ओढून काढत. बाकी कशालाही धक्का लागत नसे.

पहिल्याच दिवशी पडद्यावर नावं उमटायला लागली तशी शलाका खुर्चीच ओढून बसली. आठशेच्या वर जीव! तिला त्यातले शंभर-सव्वाशे माहीत होते.

"एवढे सगळे माझ्या टाकीत राहतात?"

"राहतात, जेवतात, भांडतात," सुनंद हसला. "तुझं गाव आहे ते, ताई. तुला फक्त हमरस्ता माहीत होता."

पंधरवड्यात काचफुलं गेली, चपटे किडे गेले. प्रवाळांचे रंग असे उजळले की लोबो मॅडम रोज खोलीत एक फेरी मारून जाऊ लागल्या. दुसऱ्या केंद्रांनीही वेचक मागवले.

आणि मग ते नाव आलं. म्हणजे नाव नव्हतंच. पडद्यावर फक्त 'अनोळखी, किड्यांच्या कुळातला' एवढंच होतं. पण त्याच्या पुढची रेघ इतर सगळ्या रेघांपेक्षा लांब गेली होती.

"एवढं अंग टाकणारा किडा लहान नसणार," सुनंद म्हणाला.

शलाकाला एकदम गायब होणारे मासे आठवले. दर काही महिन्यांनी एखादा मासा नाहीसा व्हायचा. हाड नाही, खवला नाही. तिने ते पंपावर ढकललं होतं.

वेचकाच्या नळ्या मधल्या मोठ्या खडकाजवळ जाऊन थांबल्या. तळाशी लिंबाएवढं भोक होतं. तिने ते हजारदा पाहिलं होतं. नळीने भोकात मागच्या बाजूने थोडं गोडं पाणी सोडलं, खाऱ्या पाण्यातल्या जीवाला न सोसणारं. काही वेळ काहीच झालं नाही. मग भोकातून पाच बारीक शिंगं बाहेर आली, त्यांच्या मागे कात्रीसारखा जबडा, आणि त्यामागे तो यायला लागला. अंगठ्याएवढा जाड. जांभळा म्हणावा तर हिरवा, हिरवा म्हणावा तर सोनेरी. प्रत्येक वळणाला अंगावरून रंग ओघळत होते. दोन्ही बाजूंना शेकडो पाय, आणि ते पाय शेतावरून वारा जावा तसे लाटेने हलत होते. तो येतच राहिला. हातभर, दोन हात, पुरुषभर, तरी शेपूट खडकातच.

"अरे सायबा," दारात उभ्या लोबो मॅडम पुटपुटल्या.

शलाकाच्या अंगावर काटा आला होता, भीतीचा नव्हे. इतकी वर्षं ती या खडकाशेजारी बसून डबा खात होती, आणि आत हा राहत होता. खडक समुद्रातून आणला तेव्हापासून.

"मारून फॉर्मॅलिनच्या बरणीत घालू, प्रवेशदारी ठेवू," मॅडम भानावर येत म्हणाल्या.

"नको, मॅडम. मागच्या टपात राहू दे. जिवंत."

"ताई, मासे खातो तो. उद्या प्रवाळ खाईल," सुनंद म्हणाला.

"राहू दे म्हटलं ना."

किडा मागच्या खोलीतल्या टपात गेला. तिथे दिवसरात्र एकच ट्यूबलाइट असे. पुन्हा कोणी त्यात शिरू नये म्हणून सुनंदने खडकातलं भोक सिमेंटने बुजवून टाकलं.

शिमगा झाला. पौर्णिमेनंतरच्या चौथ्या सकाळी टाकीची खोली माणसांनी भरली. इतर केंद्रांतले शास्त्रज्ञ आले होते. प्रवाळांचं फुलणं आणि वेचकाचं काम दोन्ही एकदमच बघायचं होतं. दिवे मावळले. लाल विजेरीच्या उजेडात सगळे काचेला नाक लावून उभे राहिले. शलाकाने आदल्या दिवशी एक लहान फांदी मोडून पाहिली होती. आत गुलाबी अंडी ठासून भरली होती.

तास गेला. एका प्रवाळाने थोडी अंडी सोडली. बऱ्याच वेळाने लांबच्या दुसऱ्याने. बाकीचे गप्प. पाचव्या सकाळीही तेच, सहाव्या सकाळीही. पाहुणे हळूहळू, तिची नजर टाळत, निघून गेले.

"तुझं यंत्र आल्यापासून टाकीचा जीव गेला," ती सुनंदला म्हणाली.

"काय बोलतेस तू? यंत्राने एका प्रवाळाला तरी हात लावलाय का? कधी नव्हे ती टाकी स्वच्छ आहे!"

"हो ना. स्वच्छ. आणि मुकी."

"एका वर्षी नाही जमलं तर खापर यंत्राच्या डोक्यावर? आणि जमतं तेव्हा तुझ्या हाताला गुण!"

हे वाक्य तोंडातून गेलं आणि सुनंदचा चेहरा उतरला. पण ते गेलं ते गेलं. शलाका बाहेर निघून गेली. तो त्याच दिवशी पुण्याला परतला. त्यानंतर दोघांमध्ये फोन झाला नाही.

एक आशा मात्र शिल्लक होती. अंडी अजून पोटातच होती. प्रवाळ कधीकधी एक चंद्र सोडून पुढच्या चंद्राला फुलतात. पुढची पौर्णिमा चैत्रातली. ती हुकली की मे महिन्याची काहिली, आणि मग प्रवाळ ती अंडी स्वतःच जिरवून टाकतात. दोन उन्हाळ्यांनी पोळलेल्या समुद्रासाठी या वर्षीचं बीजच नाही, असा त्याचा अर्थ होता.

पौर्णिमेच्या आठवडाभर आधी सुनंद परत आला. न सांगता, पाठीला सॅक लावून, एसटीतून उतरून थेट. शलाका टाकीच्या वरच्या फळीवर बसली होती. तो खाली उभा राहिला.

"ताई, भांडायचं असेल तर नंतर भांड. आधी ऐक."

ती खाली उतरली.

"तू दर वर्षी फुलण्याच्या वेळचं पाणी गोठवून ठेवतेस ना? त्यातल्या थोड्या थोड्या बाटल्या मॅडमनी मला पाठवल्या. मी सगळ्या वाचल्या." त्याने पडदा तिच्यासमोर धरला. "ही प्रवाळांची रेघ. अंडी सोडली की अशी एकदम उसळते. आणि ही त्याची. किड्याची."

दुसरी रेघही उसळली होती. दर वर्षी. आणि दर वर्षी प्रवाळांच्या थोडी आधी.

शलाकाने एका रेघेवरून दुसऱ्या रेघेवर बोट फिरवलं.

"तो आधी सोडतो," सुनंद म्हणाला. "अंधार, चंद्र, पाण्याची ऊब, यावरून प्रवाळांना रात्र कुठली ते कळतं. घटका कळत नाही. ती तो सांगतो. त्याच्या बीजाबरोबर काहीतरी पाण्यात येतं, आणि ते अंगाला लागलं की सगळे एकदम सोडतात. समुद्रात हजारो वर्षं हेच चालत आलं असणार. दुसऱ्या केंद्रांत जमत नाही, कारण त्यांच्या खडकात तो नाही."

"म्हणजे माझा हात..." ती थांबली. मग हसली, पण ते हसू काही खरं नव्हतं. "म्हणजे इतकी वर्षं मी काहीच केलं नाही."

"तू त्याला जिवंत ठेवलंस. मी तर ठेवूच नको म्हणत होतो."

ती त्याच्याकडे बघायला लागली. त्याचे डोळे तांबारले होते. झोप झालेली नव्हती.

"तुझ्या यंत्राचं काय होईल रे?"

"सगळ्या केंद्रांना कळवलंय. जे ओळखीचं नाही ते काढायचं नाही, निदान आम्हाला ते काय करतं हे कळेपर्यंत. एकाने करार मोडला. बाकीचे विचार करतायत." त्याने खांदे उडवले. "मित्र चिडलेत. चिडू देत. मी काय सांगू त्यांना? यंत्राला नाव वाचता येतं, नातं वाचता येत नाही, हे मला आधी कळायला हवं होतं."

"चल," ती म्हणाली. "भोक उघडायचं."

सिमेंट फोडायला यंत्र चालणार नव्हतं. हादऱ्याने वरचे प्रवाळ तुटले असते. शलाकाने जाड हातमोजे आणि पाण्याखालचा मुखवटा चढवला, छिन्नी घेतली आणि टाकीत उतरली. सुनंद काठावर पालथा पडून तिला विजेरी दाखवत राहिला. पाण्यात हात घालू नकोस म्हणून ज्याने पाच वर्षं घालवली होती, तो आता "जरा डावीकडे, हं, अजून खोल" म्हणत होता आणि दर दोन मिनिटांनी "हात ठीक आहे ना?" विचारत होता. तिला हसू येत होतं आणि मुखवट्यात हसता येत नव्हतं.

दुपारी दोघांनी टप उचलून आणला. किडा वाळूवर पडला तसा निपचित पडून राहिला. महिनाभराच्या ट्यूबलाइटने त्याचे रंग मळकट झाले होते. शलाकाला वाटलं, उशीर झाला. मग एक शिंग हललं. त्याने वाळू चाचपली, खडक चाचपला, भोकाच्या कडेवर सिमेंटचे कण होते तिथे जरा थबकला, आणि आत शिरू लागला. सगळा आत जायला इतका वेळ लागला की सुनंद मधेच मांडी घालून बसला. शेवटचं टोक नाहीसं झालं तेव्हा त्याने नकळत श्वास सोडला.

चैत्री पौर्णिमेनंतरच्या चौथ्या सकाळी खोलीत तिघंच होती. पाहुण्यांना या वेळी कोणी बोलावलं नव्हतं. दिवे मंद होत होत विझले. निळा चंद्र हळूहळू वर आला.

भोकातून आधी फक्त एक लुकलुक दिसली, इतकी वर्षं लाल विजेऱ्यांच्या उजेडात कोणाच्या नजरेला न पडलेली. मग किड्याचं शेपूट बाहेर आलं. नेहमी आत असणारा तो भाग, आता फुगलेला आणि आतून फिकट हिरवा उजळलेला. ते वळवळलं, ताणलं गेलं, आणि तुटलं. डोकं खडकातच राहिलं. तुटलेलं शेपूट, हातभर लांब, स्वतःच पोहत वर निघालं. गोल गोल गिरक्या घेत, मागे उजेडाची रेघ सोडत. पाण्याच्या मध्यावर येऊन ते फुटलं आणि धुरासारखं पसरलं.

"दुसऱ्या किड्याचं शेपूट भेटावं म्हणून वर येतं ते," सुनंद कुजबुजला. "इथे दुसरा नाहीये."

टाकी सुरू झाल्यापासून दर वर्षी तो एकटा अशी हाक देत होता, आणि त्याच्या जातीचं कोणी कधीच आलं नव्हतं.

धूर खाली उतरला. मोठ्या खडकावरच्या प्रवाळांना लागला. सगळं इतकं शांत होतं की पंपाचा आवाज मोठा वाटत होता. मग एका फांदीच्या प्रत्येक तोंडाशी एकेक गुलाबी मणी आला. शेजारच्या फांदीला आला. पलीकडच्या खडकावर, कोपऱ्यात, मागे, सगळीकडे. क्षणभर सगळी टाकी दम धरून थांबल्यासारखी झाली, आणि मणी सुटले. लाखो मणी, खालून वर, सावकाश. जणू जमिनीतून आभाळाकडे गुलाबी पाऊस निघाला होता.

लोबो मॅडमनी छातीवर क्रूस काढला. सुनंदने बहिणीचा हात धरला. तिच्या बधिर बोटांना ते कळलं नाही, पण तिने मान वळवून पाहिलं आणि हात तसाच राहू दिला.

"मी याला मारा म्हणाले होते," मॅडम म्हणाल्या.

पाच दिवसांनी ती अंडी पोहणारी पिल्लं झाली होती. डोळ्याला दिसतील न दिसतील असे ठिपके, पिंपंच्या पिंपं भरून. पहाटे होडी निघाली. बुडालेल्या खडकावर पोहोचेपर्यंत ऊन वर आलं होतं आणि समुद्र तेलासारखा सपाट होता. शलाका काठावरून खाली बघत राहिली. मेलेली प्रवाळं हाडांसारखी पांढरी, मैलभर पसरलेली. आता इथे पिल्लं सोडायची, ती चिकटायची, वाढायची. पण वाढून मोठी झाली की त्यांना घटका कोण सांगणार? हा प्रश्न तिला रात्रभर छळत होता आणि तिने तो कोणाला विचारला नव्हता.

सुनंदने वेचकाची लहान पेटी होडीत आणली होती. त्याने वाकून चमचाभर समुद्र भरून घेतला.

पडदा बराच वेळ कोराच राहिला. मग एकेक रेघ उमटायला लागली. शेवाळ, कोळंबी, दोन-चार मासे. प्रवाळांच्या जागी काही नाही. सुनंद बोटाने यादी खाली सरकवत गेला आणि एकदम थांबला.

"ताई."

ती जवळ आली. किड्याची रेघ होती. टाकीतल्याहून कितीतरी लांब.

"एक नाही," तो म्हणाला. "ओळखी वेगवेगळ्या आहेत. शेकडो असतील. खालचा सगळा खडक भरलाय."

शलाकाने पाण्यात पाहिलं. त्या पांढऱ्या, मेलेल्या मैलभर पसाऱ्याखाली, दगडाच्या पोटात, ते सगळे होते. उन्हाळे येऊन गेले, ऐकणारे मरून गेले, तरी दर वर्षी ते आपल्या रात्री, आपल्या घटकेला, हाक देत राहिले होते.

तिने मुखवटा चढवला, पहिलं पिंप छातीशी धरलं आणि पाण्यात उतरली.